डावं मडगार्ड

कांदाचाळीचा खांब काही आपणहून चालत आला नव्हता, हे तेजस्विनीलाही कबूल होतं. पण तो एवढा पुढं कुणी आणि कशाला रोवला, ह्याचा राग तिला आलाच. गुरुवारी सकाळी सासऱ्यांची पांढरी मारुती जरा वळवून लावायला गेली, आणि डाव्या बाजूनं असा आवाज आला की म्हशीनं रवंथ थांबवून मान वर केली. उतरून बघते तर मडगार्डाला चांगली वाटी पडलेली. वाटी कसली, कालवणाचं वाडगंच म्हणा ना!

सावळारामांनी त्या गाडीला जेवढं जपलं, तेवढं पोटच्या पोराला तरी जपलं असेल का, कुणास ठाऊक. पोरगा, म्हणजे तेजस्विनीचा नवरा सुदर्शन, चाकणला कंपनीत. पंधरा दिवसांनी घरी यायचा. दोन हजार चार सालच्या पिंपळवंडीत सुनेनं गाडी शिकायची म्हटल्यावर सासरे हो म्हणाले, हेच नवल होतं. वर्षभर मागं लागून तिनं तो होकार मिळवला होता, आणि त्यालाही अट होतीच. "गाडीला नखाएवढा चरा आला, तरी लायसनचं नाव काढायचं न्हाई," असं त्यांनी चारचौघांत बजावलं होतं. टेस्ट सोमवारी, मंचरच्या आरटीओ कॅम्पात, ह्याच गाडीवर. सासरे सप्त्याला महाळुंगे पडवळला गेलेले. रविवारी काल्याचा प्रसाद घेऊन ते परतणार होते.

"गेलं माझं लायसन," म्हणत तेजस्विनी ओट्यावर मटकन बसली.

सासूबाई, कुशाबाई, तोवर गाडीपाशी पोचल्या होत्या. खड्ड्यावरून त्यांनी हात फिरवला.

"रडून पत्रा वर येणार हाय का? ऊठ," त्या म्हणाल्या. "मलाबी पायजे तुझं लायसन. पेठला माझी बहीण, लंका. तिच्याकडं जायचं म्हंजी ह्यांच्या मनात यायची वाट बघायची. तीस वर्सं बघतीये. आपण नीट करू ह्ये."

"आत्या, हे गॅरेजचं काम आहे."

"घर सारवायचं काम कुठल्या गॅरेजात शिकले व्हते मी?"

तेजस्विनी वडापच्या जीपनं आळेफाट्याला गेली. तिथला गॅरेजवाला हौशीराम मोठा बडबड्या माणूस. त्यानं लांबीचा डबा दिला, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा तो राखाडी लगदा. घासायचे पेपर, प्रायमर, पांढऱ्या रंगाचे स्प्रेचे डबे दिले, आणि फुकटचं ज्ञानही दिलं. "ताई, लांबीत हार्डनर वाटाण्याएवढाच घालायचा. जास्त झाला की दगड."

शुक्रवारी दोघी कामाला लागल्या. आधी मुसळाला फडकं गुंडाळून कुशाबाईंनी पत्रा आतून हळूहळू ठोकला. वाडग्याची बशी झाली. मग पेपर मारायचा, तर मध्येच 'जय मल्हार'चं भलंमोठं स्टिकर. कुशाबाईंनी आधी हात जोडले, देवाची माफी मागितली, आणि मग खुरप्यानं सोलून काढलं.

खाली बघतात तर काय! दुसरा खड्डा. जुना. त्यात एमसील कोंबलेलं, वर बोटांचे ठसे, त्यावर चुन्यासारखा कसलासा रंग फासलेला.

"आत्या, हा कुणाचा?"

"गाडीला हात लावणारा दुसरा कोण हाय ह्या घरात?" कुशाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या, अशा हसल्या की त्यांना खालीच बसावं लागलं. "तरीच! दोन वर्सांमागं एकदम देवाची भक्ती लागली व्हती गाडीला."

"तो राहू दे तसाच. वरून नवं स्टिकर लावू. बुजवला तर हात फिरवताच मामांच्या ध्यानात येईल."

पण कुशाबाईंचा हात थांबतो होय! सारवायला बसलेली बाई समोरचा खळगा सोडून उठली, असं आजवर झालं नव्हतं. पहिली लांबी वाया गेली, कारण हार्डनर त्यांनी मिठासारखा चिमटीनं वाढवत नेला, आणि परातीत खरंच दगड झाला. दुसऱ्या खेपेला मात्र सावळारामांच्या जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून त्यांनी लांबी अशी ओढली, अशी ओढली की हौशीरामानं येऊन पाया पडावं. नवा खड्डा भरला, जुनाही भरला. एमसील खरवडून काढताना तेवढ्या नवऱ्याला चार शिव्या दिल्या.

शनिवारी दोघींनी पाणी लावून पेपर घासला. बोटांची सालं निघाली. कुशाबाई डोळे मिटून तळवा फिरवायच्या आणि सांगायच्या, "हितं उंच हाय. अजून घास." मग प्रायमर, तो वाळल्यावर रंग. धूळ उडू नये म्हणून अंगणभर सडा घातला, गाडीभोवती लुगडी बांधली. चार वाजता शेवटचा हात मारला. नवं स्टिकर रंग वाळल्यावर, रविवारी सकाळी लावायचं ठरलं. मडगार्ड असं लखलखलं की बाकीची गाडी त्याच्यापुढं मळकी वाटायला लागली. तेजस्विनीला इतका आनंद झाला की तिनं सासूबाईंना मिठीच मारली.

आणि तेवढ्यात रस्त्याकडून हाक आली, "अगं ए, पाणी ठिवा!"

रविवारी येणारा माणूस शनिवारी दारात उभा! गावातल्या गेणभाऊची जीप इकडं येत होती, म्हणून काला टाकून आले म्हणे. तेजस्विनीच्या तोंडचं पाणीच पळालं.

सावळाराम पाण्याला थांबलेच नाहीत. लुगडी बघून तडक गाडीकडं गेले आणि जागच्या जागी उभे राहिले. नवा रंग त्यांना दिसलाच नाही. त्यांना दिसली ती फक्त मोकळी जागा.

"स्टिकर कुठं गेला?" म्हणत त्यांनी झटक्यात तळवा नेमका त्या जागेवर दाबला.

"अहो, हात!" दोघी एकदमच ओरडल्या.

उशीर झाला होता. ओल्या रंगात पाचही बोटं स्पष्ट उठली. सावळाराम कधी पांढऱ्या तळव्याकडं बघत होते, कधी मडगार्डाकडं.

"तिथं एमसील व्हतं," कुशाबाई शांतपणे म्हणाल्या. "कुणी लावलं व्हतं ओ?"

म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते... मागं घेताना जरा... चाळीचा खांब लई पुढं हाय."

आता तेजस्विनी गप्प बसली असती, तर सगळं निभावलं असतं. तिचा खड्डा जगात कुठं उरलाच नव्हता. पण समोर एवढा करारी माणूस पोरासारखा खाली मान घालून उभा, आणि आपण मात्र साळसूद? तिला तिचीच लाज वाटली.

"मामा, मीपण ठोकली. गुरुवारी. त्याच खांबाला."

कुशाबाईंनी डोळे वटारले, पण शब्द गेला तो गेला.

सावळारामांनी मान वर केली. मग म्हणाले, "कुठं?" तिनं दाखवलं. ते वाकले, ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. ह्या खेपेला हात मागं बांधून. "कायबी दिसत न्हाई."

"मी भरलाय. तुमचाबी मीच भरलाय," कुशाबाई म्हणाल्या. "आता ह्यो हात मात्र तुमचा तुमीच काडायचा."

आणि काढला की! रविवारी दिवसभर सप्त्याचा बुक्का लावलेला तो माणूस पाटावर बसून पेपर घासत होता, आणि कुशाबाई डोळे मिटून तळवा फिरवत "अजून घासा" म्हणत होत्या. सोमवारी शेजारी बसून त्यांनीच सुनेला मंचरला नेलं. टेस्ट पहिल्या फटक्यात पास.

लायसन हातात पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबाई इरकल लुगडं नेसून बाहेर आल्या. "पेठला जाऊन येते," म्हणाल्या. तीस वर्षांत 'जाऊ का' विचारायच्या ऐवजी 'जाऊन येते' म्हणायची ही पहिलीच वेळ. सावळारामांनी टोपी घातली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून परत खुंटीला अडकवली. किल्ली सुनेच्या हातात दिली.

"दोघी जा. मी बसलो का वरडत बसंन."

"आन जेवणाचं काय तुमचं?" कुशाबाईंनी दार उघडता उघडता विचारलं.

"भाकरी हाय कालची," सावळाराम म्हणाले. "घेतो मी वाढून. लंकाला म्हणावं, तुझी बहीण आता सारखी येत जाईल."