सेफ्टीवाल्याचं जाकीट

प्रफुलला हिरवं जाकीट मिळालं आणि देवाजीला सकाळचा चहा कडू लागायला लागला.

दोघं एकाच गल्लीतले, रोज सायकलनं ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला जाणारे. देवाजी वयानं मोठा, कामाला आधी लागलेला, सायकलही त्याचीच चांगली. एवढं सगळं त्याच्या खात्यावर जमा असताना सेफ्टीच्या कामावर घेतलं ते प्रफुलला. काम काय, तर कोळशाचा ट्रक सुसाट दिसला किंवा त्यावर ताडपत्री नसली, की नंबर टिपून गेटवर द्यायचा. त्या कामासोबत जाकीट आलं, पोपटी हिरवं, चंदेरी पट्ट्यांचं. जाकीट देवाजीकडेही होतं, पण नारिंगी, साध्या मजुराचं.

चमकण्यात नारिंगी काही मागे नव्हतं. तरी रस्त्यावर भलतंच घडे. देवाजीला डांबरावरून खाली राखेत उतरवून गेलेला ट्रक पुढे प्रफुलजवळ पोचला, की नव्या नवरीसारखा जपून चालायचा. लांबून वळसा घ्यायचा. वर हॉर्नसुद्धा नाही.

बाजाराला जाताना मनकर्णानं, देवाजीच्या बायकोनं, हे एकदा पाहिलं. घरी येऊन म्हणाली, "प्रफुलभाऊ धुक्यातही लांबूनच दिसते जी."

"अन् मी काऊन नाई दिसत?"

"तुमी दिसता ना. पन जवळ आल्यावर."

"दिसू दे त्याले. वाघालेई लांबूनच दिसंन तो."

बोलायला बोलला, पण बायकोचं ते 'जवळ आल्यावर' डोक्यातून जाईना. जन्मात कधी स्वतःचा बनियन न धुतलेल्या या माणसानं रविवारी नारिंगी जाकीट साबण लावून घासलं, पट्ट्या लखलखीत केल्या. सोमवारी पहिल्याच ट्रकनं त्याला लखलखीत जाकिटासकट राखेत उतरवलं.

गिरजाबाईच्या चहाटपरीवर लटारू बसलेला असायचा. पूर्वी ट्रक चालवायचा, आता गुडघे धरून नुसता चहा प्यायचा. देवाजीनं त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं.

"रंग कोन पाह्यते बावा," लटारू म्हणाला. "ड्रायव्हरले मानूस दोन्हीत दिसते. हिरवा दिसला का त्याले वाटते, आता नंबर जाते. नारिंगी दिसला त म्हनते, लेबर आहे, सरकन बाजूले."

"म्हनजे हिरवंच पाह्यजे."

"मी असं कुठी म्हनलं?"

पण देवाजीनं सोयीचं तेवढं उचललं होतं.

आणि दोनच दिवसांनी ते जाकीट त्याच्याच घरात आलं. मनकर्णा गल्लीतली शिवणकामं करायची. प्रफुलच्या जाकिटाची बाहीजवळची पट्टी फाटली होती, ती शिवायला त्यानं आणून दिलं. देवाजी कामावरून आला तर ही मशीनवर वाकलेली. शिवून झालं, तिनं धागा दातानं तोडला आणि पट्टीवरून तळहात फिरवला. अगदी सावकाश.

"माह्या जाकिटाची चेन कवाची तुटली आहे," देवाजी म्हणाला.

"तुमी कवा सांगतलं?"

"सांगाव लागते का? डोळ्यानं दिसत नाई?"

तिनं मान वर केली नाही. सकाळी तोच म्हणाला, "दे इकडे, रस्त्यात देतो त्याले." आणि गल्लीचं वळण संपताच अंगात चढवलं.

धुकं दाट होतं. मागून पहिला ट्रक आला, हळू झाला, वळसा घालून गेला. दुसराही तसाच. देवाजीची पाठ आपोआप ताठ झाली. पांढरी रेघ सोडून तो चांगला आत, डांबरावरून चालवू लागला. या घटकेला मनकर्णा बाजाराला निघायला हवी होती, असं त्याला फार वाटलं.

तिसरा ट्रकही हळू झाला, पण पुढे गेला नाही. बाजूनं चालत राहिला. कॅबिनमधून आवाज आला, "क्यों प्रफुल, आज नंबर नहीं लिखेगा? तेरे चक्कर में गाड़ी गेट पर खड़ी रही." आणि ट्रक शांतपणे कडेला सरकू लागला. देवाजीचं डांबर सुटलं, मग मुरूम सुटला. "मी प्रफुल नाई," हे तो ओरडला तेव्हा नालीत होता आणि ट्रक धुक्यात.

मागून प्रफुल आला, साध्या स्वेटरमध्ये; गाडीचा नंबर त्यानं जाता जाता ओळखला होता. त्यानं देवाजीला उचललं, सायकल उचलली आणि मग जाकिटाकडे पाहिलं.

"भाऊ, हे रस्त्यावर काऊन घातलं? पट्टी कशानं फाटली, इचारलं का मले? याच गाडीच्या आरशात अटकली होती. आता फक्त गेटवरच घालावं म्हनून शिवाले टाकलं होतं मी."

देवाजीनं वाकून घोटा धरला. पाय ठणकत होता.

घरी मनकर्णानं घोट्याला हळद बांधली. पाय कोणाचा सुजला हे समोर दिसत असूनही ती म्हणाली, "तुमीच असते त्या जागी त काय झालं असतं, प्रफुलभाऊ." चहाचा पहिला कपही तिकडेच गेला.

"गाडीची तक्रार त देतोच," प्रफुल म्हणाला. "पन तुमचं नाव टाकलं त इचारतीन, लेबरच्या अंगात सेफ्टीचं जाकीट कसं. कामावरून काढतीन तुमाले. माह्यं नाव टाकतो. मलेच दाबलं म्हनून सांगतो."

मनकर्णाचे डोळे भरून आले. देवाजीनं ते पाहिलं. नालीत पडला तो, बोलणी खाल्ली त्यानं, तीही प्रफुलच्या नावची, आणि आता हे पडणंसुद्धा प्रफुलच्याच नावावर चढणार होतं. नाही म्हणावं तर हातचं काम जाणार. त्यानं सुजलेला डावा पाय पुढे केला.

"टाक तुह्यंच," शेवटी म्हणाला. "पन मंग लंगडत चालावंई तुलेच लागंन. डाव्या पायानं. गेटवर सगळ्यायले दिसलं पाह्यजे."

मनकर्णा खळखळून हसली. हसताना तिनं पाहिलं मात्र प्रफुलकडे.