दाबाखालचे हाड

‘झीज’ हा शब्द माझ्या बाबतीत कृपया वापरू नये. झीज घासण्याने होते. पायरी झिजते, टायर झिजतो. शोष निराळा. ज्या देहात आपण वसतो, तोच देह आपल्याला कणाकणाने परत घेतो, तो शोष. मी अजिमच्या हनुवटीतून कापलेला हाडाचा तुकडा बोलतो आहे. शोषातून जेवढा उरलो, तेवढा.

अजिम चाकणच्या कारखान्यात पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर काम करतो. प्रेसला दोन बटणे. दोन्ही हात गुंतल्याशिवाय ती खाली येऊ नये, अशी योजना. सोबतच्या खंडूने काम लवकर उरकावे म्हणून एक बटण चिकटपट्टीने बांधून टाकले होते. अजिमने ती पट्टी फाडली. खंडूने हातातला पाना फिरवला. वरचे पुढचे दोन दात हाडाच्या कपच्यांसकट फरशीवर सांडले.

मला जन्म दिला तो थेरगावच्या दंतवैद्य पद्माताईंच्या करवतीने. त्यांनी हनुवटी चिरली, मला कापले, भोके पाडली आणि वरच्या जबड्याच्या खचलेल्या कडेवर दोन स्क्रूंनी आवळले. माझ्यासह कडा साडेसात मिलिमीटर भरली.

“चार महिने इथे काहीही टेकवायचं नाही,” त्या म्हणाल्या. “निदान सहा उरले, तरच नव्या दातांची मुळं रोवता येतील.”

डिसेंबरात खुशनुमाचा, म्हणजे अजिमच्या लेकीचा, निकाह होता. तोंडावर रुमाल न धरता त्यात हसायचे, एवढेच त्याला हवे होते.

निलंबन भोगून खंडू परतला. “काय भावा, पुढचं गेट उघडंच? वॉचमन तरी ठेव!” सारी लाइन खिदळली.

त्याच आठवड्यात अजिमने दापोडीतून काढता-घालता येणारी दातांची पट्टी करून आणली. सुजलेल्या हिरडीवर ती बसेना, तेव्हा तो अंगठ्याने रेटू लागला.

“अहो, डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या ना?” त्याची बायको रुक्साना ओरडली.

“दाबल्याशिवाय काही सेट होत नाही, रुक्साना. हाडही बसेल घट्ट. बावीस वर्षं हेच करतोय मी.”

पत्र्याला दाबाने आकार येतो. मला दाबाने मरण येते. रोज सकाळी तो अंगठा आला. माझे रक्त अडले. मग देहाच्याच पेशी माझ्यावर तुटून पडल्या. आम्ल ओतून त्यांनी मला उकरले, माझा चुना रक्तात वाहून नेला. स्क्रूंची डोकी उघडी पडली.

पद्माताईंनी हिरडी उघडून मोजले. साडेचार.

“अजिमभाई, इथे मूळ रोवलं तर हाड फुटेल. काय टेकवत होतात?”

त्याने खिशातून पट्टी काढून पुढे धरली.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी त्याने प्रेसखाली ठेवली. दोन्ही हात, दोन्ही बटणे. तिचा भुगा खंडूच्या अंगावर उडाला. निकाह मात्र रुमालाआडूनच पार पडला.

उद्या माझी भर काढायला जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून माझे भावंड कापून इथे आवळतील. अजिम, त्याला हात लावू नकोस.

लाइनवर अजून सांगतात की, खंडूच्या पान्याने अजिमचे नवे हाड खाल्ले. खोटे आहे. पान्याने दात नेले. तेव्हा मी हनुवटीत सुखरूप होतो. मला खाल्ले ते मी घट्ट बसावे म्हणून झटणाऱ्या अंगठ्याने.