रिकाम्या कपातला चहा

धाकट्याचं लग्न झालं त्या वर्षी मी इंग्रजी शिकायला लागले. सून परमुलखातली. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. धाकटा आणि ती आपसात इंग्रजी बोलायचे, आम्ही दोघं माना डोलवायचो. तिच्या आईला आजारपणामुळे लग्नाला येता आलं नव्हतं. त्या आता लेक कुठल्या घरात पडलीय ते बघायला येणार होत्या. त्यांनाही इंग्रजी जेमतेमच.

धाकटा म्हणाला, "आई, तू नुसती हसत बस. बोलायचं ते मी बघतो."

मला ते लागलं. आपली लेक आमच्या घरात देणाऱ्या बाईशी मी मध्ये माणूस घालून बोलायचं? दुसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या वरच्या खोलीतल्या वर्गात नाव घातलं.

अक्षरं मी पन्नाशी ओलांडल्यावर गिरवली, त्यामुळे वहीची धास्ती होती. पण तिथल्या बाई वही उघडूच देत नसत. खुर्च्या भिंतीला सरकवायच्या आणि नाटक करायचं. कुणी दुकानदार, कुणी गिऱ्हाईक. कुणी डॉक्टर, कुणी पेशंट. चुकलं तरी थांबायचं नाही, एवढा एकच नियम. माझी अडचण कळल्यावर बाईंनी माझ्यासाठी 'पाहुणी आली' हे नाटक लावून दिलं. टेबलावर कप रिकामेच, सांडलवंड नको म्हणून. मी दार उघडायची, पाहुणीला बसवायची, कप पुढे करायची.

घरी तालमीला हे. नळजोडणीची कामं उरकून आले की माझी शाल डोक्यावरून घेऊन विहीणबाई व्हायचे.

"अहो, विहीण अशी पाय पसरून बसते का?"

"मुलीची आई आहे मी. लांबून दमून आलेय. चहा आण."

"इंग्रजीत मागा."

"टी. लवकर."

विहीणबाई आल्या. बुटक्या, टापटीप, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. धाकटा आणि सून सामान काढायला खाली थांबले होते. मी विहीणबाईंना बसवलं, प्रवासाचं विचारलं, कुठेही अडखळले नाही. कप पुढे केला. "प्लीज, हॅव सम टी."

त्यांनी कपात पाहिलं. मीही पाहिलं. कप कोरडा ठणठणीत. चहा आत शेगडीवर उकळत होता. ह्यांनी कपाळाला हात लावला. पण न थांबण्याची सवय माझ्या अंगात भिनलेली. "शुगर?" मी विचारलं.

विहीणबाईंनी कप उचलला, फुंकर घातली, घोट घेतला. "नो शुगर," त्या म्हणाल्या. "व्हेरी हॉट."

मग आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्यांनी गुडघ्याएवढ्या पोरांची उंची हाताने दाखवली, तेव्हा मला कळलं की विहीणबाईंचा जन्म बालवाडीत शिकवण्यात गेला होता. रिकामा चहा त्या रोजच प्यायच्या.

हसू ओसरल्यावर त्यांनी पर्स पुन्हा घट्ट धरली. "माय डॉटर... क्राय?"

'ती मला लेकीसारखी' हे वाक्य मी घोटून ठेवलं होतं. ओठांवर आलं, पण विचारलेल्याचं उत्तर ते नव्हतं. मी उठून खिडकीशी गेले. सून सुरुवातीला जशी बाहेर बघत उभी राहायची तशी उभी राहिले, बाहीने डोळे पुसले. "फर्स्ट मंथ. येस." मग वळले, कमरेवर हात ठेवले आणि ह्यांच्या चिखलाच्या बुटांकडे बोट करून तिच्याच आवाजात दरडावलं, "पापा, शूज आउट!" हे मुकाट्याने बूट उचलून बाहेर ठेवून आले.

"नाऊ," मी म्हणाले.

विहीणबाईंनी पर्स बाजूला ठेवली. स्वतःच्या छातीवर बोट टेकवून म्हणाल्या, "लाइक मी."

धाकटा धापा टाकत वर आला तेव्हा आम्ही खरा चहा पीत होतो.

"काय सांगू त्यांना?" त्याने विचारलं.

"काही नको. तेवढी बिस्किटं आण."

पुढे त्या दर वर्षी येत. आल्या की महिनाभर राहत, आणि आमच्या गप्पांत धाकट्याची गरज कधी पडली नाही. माझी थोरली नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडी सरता सरता विहीणबाई वारल्या.