माझ्यावरची काळी चादर

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे, माशांची. एका बेकरीचे कपाट फुटले, त्याच्या उरलेल्या काचा जोडून इराणमधल्या केरमानच्या हबीब आजोबांनी मला घडवले. सहा वर्षांत मी थेंबभरही गळलेली नाही. हे आधीच सांगते, कारण यंदा नवरोजच्या, म्हणजे नववर्षाच्या सणात जो तो मला पाहून नाक मुरडत होता आणि माझा दोष काडीचाही नव्हता.

माझ्यात एकच लाल मासोळी राहते, जरी. नवरोजसाठी आणलेले मासे सहसा सण संपेपर्यंतही जगत नाहीत. आमची जरी मात्र तीन वर्षे जगली, ती आजोबांमुळे. ते मला जिन्याखाली सावलीत ठेवत, चिमूटभरच खाऊ घालत, पाणी थोडे थोडे बदलत. गेल्या हिवाळ्यात आजोबा गेले. तेव्हापासून त्यांना बाबाजान म्हणणारी त्यांची नऊ वर्षांची नात महवश शाळेतून आली की आधी माझ्यापाशी येते. आजोबांची जिवंत आठवण म्हणून तिच्याकडे जरीच उरली होती.

यंदा तेरा दिवसांच्या सणाची मांडणी, जिच्यात आरसा आणि लाल मासोळी हवीच, गोलअंदाम बीबीने, म्हणजे आजीने केली. आणि मला कुठे ठेवावे? थेट पूर्वेच्या खिडकीत, आरशाशेजारी! सकाळपासून ऊन अंगावर. तेही मी सोसले असते, पण पाहुणे!

सणात माणसे दिवसाला दहा घरे फिरतात. घरोघरी खजूर भरलेला, बिस्किटासारखा गोड कोलोंपे पुढे येतो आणि नको म्हणायची सोय नसते. शेजारचे करामतआगा आठ घरे करून आमच्याकडे आले.

"खानूम, तुमच्या हातची चव कुठेच नाही हो!" असे म्हणत, बीबीची पाठ वळताच त्यांनी कोलोंपे चुरून माझ्यात टाकला.

बीबीला बशी रिकामी दिसली. "अगंबाई, संपला? आणखी एक घ्या, माझी शपथ आहे!"

तोही माझ्याच पोटात आला. मी काय उकिरडा आहे? पुढे आलेल्या निम्म्या पाहुण्यांनी हेच केले. वर ऊन, खाली कुजका खाऊ. शेवाळाला आणखी काय हवे? सातव्या दिवशी माझे पाणी पालकाच्या रसासारखे झाले.

बीबी मात्र खूश! "हिरवं झालं म्हणजे बरकत आली. तेराव्या दिवसापर्यंत मांडणीला कुणी हात लावायचा नाही." माझे तर डोकेच फिरले. पण पेटीचे कोण ऐकतो?

नवव्या दिवशी महवशने काचेला नाक लावले तर जरी दिसेचना. मासोळी वर पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होती.

"बीबी, जरी मरतेय!"

करामतआगा तेव्हा पुन्हा आलेलेच होते. "सगळं पाणी ओतून द्या. पेटी नळाखाली खसाखसा घासा."

"नाही! एकदम सगळं बदललं तर ती जाईल," महवश रडत म्हणाली. "बाबाजान म्हणायचे, हिची दुखणी दोनच. ऊन आणि पाहुणे."

बीबीने बाही सारून माझ्या तळाशी हात घातला. मुठीत खजुराचा लगदा आला.

"करामतआगा, इतका वाईट झाला होता माझा कोलोंपे?"

"नाही हो खानूम, नववा होता!"

बीबीने त्यांच्या हातातली बशी काढून घेतली आणि तेराव्याची वाट न पाहता मांडणी मोडली. मला सावलीत नेले. तळचा गाळ काढला, पाव हिस्सा पाणी उपसले आणि घरच्या वापरासाठी कालच बादलीत भरून ठेवलेले पाणी हळूहळू ओतले. मग तिने बाहेर जाताना डोक्यावरून घ्यायची स्वतःची काळी चादर माझ्यावर घातली. रोज थोडे पाणी बदलायचे, खाऊ बंद, उजेड बंद.

नवे पाहुणे चादर पाहून, घरात कुणी गेले की काय असे वाटून दचकले. "खानूम, हे काळं कुणासाठी?"

"कुणी जाऊ नये म्हणून," बीबी म्हणाली.

तेराव्या दिवशी रिवाजाप्रमाणे गाव सहलीला निघाले, पण बीबी आणि महवश माझ्यापाशी बसल्या. चादर निघाली. पाणी अजून थोडे हिरवट होते, पण जरी शेपूट हलवत सरळ काचेपाशी आली. महवश टाळ्या पिटू लागली. बीबीने माझ्या काचेवर हात ठेवला आणि आजोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून हळूच म्हणाली, "अहो, वाचली हो तुमची जरी."

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. मला उन्हापासून दूर ठेवा. आणि पोट भरले असेल, तर यजमानाला खुशाल नाही म्हणा.