अकराव्या मजल्याच्या वर

“बूट घालून स्वयंपाक? ओट्यावर चढायचा विचार आहे की माळ्यावर?” नणंदेनं दारातूनच विचारलं.

“डोंगरावर,” काकू भाजी परतत म्हणाल्या. “नवे आहेत. पायांना रुळायला नकोत?”

“आधी गुडघे रुळावर आहेत का बघ, वहिनी. सत्तावन्न सरली तुझी.”

काकू हसल्या.

अकरा मजली रुग्णालयात त्या तीस वर्षं लिफ्ट चालवत होत्या. जाळीचं दार ओढायचं, दांडा फिरवायचा, मजला पुकारायचा. “चौथा, हाडं.” “सातवा, बाळंतिणी.” वर सगळे उतरत, काकू तेवढ्या उतरत नसत. त्या पुन्हा खाली येत. रुग्णालयातली मंडळी दरवर्षी एक दिवस डोंगरमाथ्यावर जात, तेव्हाही काकू पायथ्याशीच, सगळ्यांच्या पिशव्या राखत. “काकू आहेत ना,” म्हणून मंडळी निर्धास्त चढायची. आता यंदाच्या सहलीनंतर बटणांची लिफ्ट येणार होती. तिला चालवायला माणूस लागत नाही. म्हणजे ही सहल काकूंची शेवटची.

सहल नेणाऱ्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी चाचरतच विचारलं. बाई हसल्या नाहीत, पण अट घातली.

“अकरा मजले, लागोपाठ तीनदा चढून दाखवा. मग यादीत घेते. वाटेत तुम्हाला काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू, काकू?”

काकूंनी नेमच धरला. पहाटे आंघोळ, देवाला हात जोडणं, आणि कामाची पाळी सुरू व्हायच्या आत रुग्णालयाचा जिना. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच त्यांनी फतकल मारली.

“काकू, लिफ्ट बंद आहे का?” झाडू थांबवून सफाईवालीनं विचारलं.

“लिफ्ट चालू आहे गं. लिफ्टवाली बंद पडलीय.”

पण दीड महिन्यात एक दिवस चुकला नाही. पायरीगणिक देवाचं नाव घेत तिनाचे पाच झाले, पाचाचे अकरा.

परीक्षेच्या सकाळी डॉक्टरीणबाई घड्याळ घेऊन मागे निघाल्या. दर मजल्यावर काकूंचा हात जिन्यात नसलेल्या जाळीच्या दाराकडे जाई. “पाचवा, डोळे,” असं पुकारून दोन श्वास, मग पुढची पायरी.

“काकू, दर मजल्यावर का थांबताय?”

“थांबले होय?” काकू ओशाळल्या. “सवय हो. मजला पुकारल्याशिवाय पुढे कसं जायचं?”

तिसऱ्या फेरीत नवव्या मजल्यावर डॉक्टरीणबाईच कठड्याला टेकल्या. काकू चार पायऱ्या खाली आल्या.

“नववा, कान-नाक-घसा. घ्या दोन श्वास.”

वर पोचल्यावर बाईंनी काकूंची नाडी पाहिली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा पाहिली.

“नाव लिहिते,” त्या म्हणाल्या. “आणि डोंगरही असाच चढायचा. सवय मोडू नका.”

सहलीच्या आदल्या संध्याकाळी पिशवी नणंदेनंच भरली. पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, खाऊचा डबा. बंद दोनदा ओढून पाहिले.

“ही पायथ्याशी ठेवायची नाही,” ती म्हणाली. “पाठीवर.”

डोंगरावर तरणी मंडळी पहिल्या तासात भराभर पुढे गेली आणि दुसऱ्या तासात दगडांवर बसलेली सापडली. काकू वळणावळणाला मजला पुकारत येत होत्या. अकरानंतर विभाग संपले, तेव्हा जे दिसेल ते. “बारावा, वाकडं झाड.” “सोळावा, मोठा धोंडा.” एकेक जण हसत उठला आणि त्यांच्या श्वासाच्या मापानं मागून चालू लागला.

“सत्ताविसावा,” काकूंनी पुकारलं आणि थबकल्या. पुढे धोंडा नव्हता, झाड नव्हतं. “आभाळ.”

सवयीनं त्या बाजूला झाल्या, अदृश्य दार हातानं धरून. पण मागून कोणीच पुढे होईना.

“आधी तुम्ही, काकू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकूंनी हात खाली घेतला आणि पाऊल टाकलं.

डबे संपले, वारा वाढला. बाईंनी घड्याळ पाहिलं.

“काकू, उतरायचं ना आता?”

काकू पिशवीला टेकून, धुळीनं भरलेले बूट समोर पसरून बसल्या होत्या.

“वरच्या मजल्यावर आत्ताच तर उतरलेय, बाई,” त्या म्हणाल्या. “जरा बसू द्या.”