दोन काठ्यांचे आजोबा

बायको उल्का गेली हे कळलं तेव्हा हेमचंद्र बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यासमोर, रांगेत उभा होता. दोन दिवसांत घरी सोडतो असं नोव्हेनाच्या हॉस्पिटलने सांगितलं होतं, आणि तिथली पेज तिला नकोशी झाली होती, म्हणून तो इडली बांधून घेणार होता. फोन आला. नर्सने नाव विचारलं आणि फोन डॉक्टरकडे दिला. हेमचंद्रने सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात त्याचा नंबर आला. त्याने दोन इडल्या मागितल्या. सांबार वेगळं द्या, असंही म्हणाला.

पाच आठवड्यांनी, डिसेंबरातल्या एका गुरुवारी, दाराची बेल वाजली. दारात दाशा उभी होती. आठ वर्षांची, मूळची मिन्स्कची, अकराव्या मजल्यावर राहणारी. उल्का दर शनिवारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, मुलांना रांगोळी शिकवायची. त्या वर्गातली ही सगळ्यात धीट. तिच्या आईचं बुओना व्हिस्टाच्या लॅबमधलं काम संपलं होतं. रविवारच्या विमानाने मायलेकी कायमच्या परत चालल्या होत्या.

"अंकल," ती इंग्रजीत म्हणाली, "या शनिवारी देद मोरोज काढायचा आहे. आंटीने प्रॉमिस केलं होतं."

"कोण काढायचा?"

दाशाने एका दमात सांगून टाकलं. त्यांच्याकडे नव्या वर्षाला भेटी घेऊन येतात ते थंडीचे आजोबा. टाचेपर्यंत निळा कोट, कमरेपर्यंत दाढी, हातात डोक्याच्याही वर जाणारी काठी. ती आपटली की नदी गोठते.

"आणि कार्टून हवा. नाक मोठं. आंटी म्हणाली होती, बटाट्याएवढं काढू."

हे उल्काच म्हणाली असणार.

दाशा गेल्यावर त्याने उल्काची वही उघडली. एका पानावर ठिपके होते आणि त्यावर अर्धा म्हातारा. अर्धी टोपी, अर्धा बटाटा, अर्धी दाढी, एक हात, एक काठी. वहीत टाउन कौन्सिलचा कागदही निघाला. शनिवारी दहा ते सहा परवानगी, नंतर जागा स्वच्छ करणे. तिने ऑक्टोबरमध्येच अर्ज करून ठेवला होता.

हेमचंद्रला चित्र काढता येत नव्हतं. त्याचं वर्तुळसुद्धा गोल यायचं नाही. अडतीस वर्षं उल्काच्या रांगोळीत त्याचं काम एकच होतं: वर्तमानपत्राला उदबत्तीने ओळीत भोकं पाडायची. कागद जमिनीवर पसरून त्यावरून रांगोळी फिरवली की खाली ठिपके उमटतात. ती ठिपके जोडायची आणि हा बाजूला बसून चहा प्यायचा.

पण भोकं तर येतात ना, असं त्याच्या मनात आलं आणि तो ताडकन उठला.

शुक्रवारी सकाळी नात अवनी आली. शाळेला सुट्टी होती. दोघांनी वर्तमानपत्रं चिकटवून हॉलभर कागद केला. पंचवीस ओळी, ओळीत पंचवीस ठिपके.

"आजोबा, अलार्म वाजेल हां. फायर ब्रिगेड येईल लाह," अवनी इथल्या लकबीत म्हणाली.

"येऊ दे. त्यांनाही भोकं पाडायला बसवू."

सगळ्या खिडक्या उघड्या, पंखा बंद, घरभर चंदनाचा वास. जेवायची आठवण दोघांनाही दोन वाजता झाली. शेवटचं भोक पडलं तेव्हा हेमचंद्रने कागद उजेडासमोर धरला आणि स्वतःच म्हणाला, "सरळ आल्यात की ओळी!"

शनिवारी दहाच्या ठोक्याला ते खाली होते. कागद पसरला, रांगोळी फिरवली. एक कोपरा अवनीने धरला, एक दाशाने, दोन हेमचंद्रने, आणि कागद अलगद उचलला. सिमेंटवर सहाशे पंचवीस पांढरे ठिपके. दाशाने किंचाळून टाळ्या वाजवल्या.

मग काम जोरात सुरू झालं. हेमचंद्र वही बघून सांगायचा आणि अवनी चिमटीतून रेघ ओढायची. "सातवी ओळ, चौथा ठिपका. तिथून तिरकी खाली. थांब, थांब! आता वळव." उल्का वहीत नेहमी अर्धंच काढायची, उरलेलं अर्धं तसंच, आरशातल्यासारखं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डावी बाजू झाल्यावर त्यांनी तीच उजवीकडे उलटी काढली. दाशाने निळा रंग भरला, बाहीवर दिवाळीची उरलेली चमकी टाकली. नाक तर बटाट्याहून मोठं झालं. बाजारातून येणारी माणसं पिशव्या घेऊन थांबू लागली. हेमचंद्रचे गुडघे दुखत होते, पण त्याला बसायला वेळ नव्हता.

चारला अवनीने शेवटची रेघ ओढली. नीट दिसावं म्हणून तिघं बाजूच्या सिमेंटच्या बाकावर चढले.



देद मोरोजच्या दोन्ही हातांत दोन काठ्या होत्या.

"अंकल," दाशा म्हणाली, "हा स्कीइंग करतोय!"

"नाही, नाही, नी रिप्लेसमेंट झालंय त्याचं," अवनी म्हणाली. "डॉक्टरने सांगितलंय, रोज दहा मिनिटं चाला."

हेमचंद्र इतका हसला की अवनीने त्याचा शर्ट घट्ट धरून ठेवला. घरी जाऊन उल्काला सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं. मग तो सावकाश बाकावरून उतरला.

"कुठली काठी खरी?" त्याने विचारलं.

दाशाने डावीकडची दाखवली. "दुसऱ्या बाजूला तर नात असते ना! स्नेगुरोच्का. ती त्याचा हात धरते. तो कधीच एकटा येत नाही. आंटीला मी सांगितलं होतं."

"मग आंटी काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्यासारखी काढू. चेहरा अवघड असतो, म्हणून ती शेवटी."

हेमचंद्रने वही पुन्हा बघितली. या वेळी उरलेलं अर्धं तसंच नव्हतं. ते वेगळं होतं आणि काढायचं राहून गेलं होतं.

"चला," तो म्हणाला, "अजून वेळ आहे."

अवनीने केरसुणीने उजवी काठी झाडली आणि देद मोरोजचा त्या बाजूचा हात पुसून खाली वळवला. हेमचंद्र मोकळ्या जागेत मांडी घालून बसला. या वेळी नातीच्या चेहऱ्यासाठी त्याने रांगोळी स्वतः घेतली. सांगायला वहीत काहीच नव्हतं.

"हा पाव आहे," दाशा म्हणाली.

त्याने पुसलं.

"आजोबा, हा पण पावच. कापलेला."

त्याने पुन्हा पुसलं. अवनीने करून पाहिलं, पण दाशासारखी एकही मुलगी होईना. दाशा समोर अगदी स्थिर बसून राहिली, डोळ्याची पापणीही न हलवता, आणि हसू आलं की ओठ चावत होती. साडेपाचला पांढरी रांगोळी संपली.

दाशाची आई खाली आली. मग तिने हेमचंद्रचा रांगोळीने भरलेला हात हातात घेतला. दाशा देद मोरोजच्या उजव्या बाजूला, रिकाम्या जागेत उभी राहिली आणि अवनीने पंधरा फोटो काढले.

सहाला त्यांनी पाणी टाकून जागा धुतली. रविवारी सकाळी हेमचंद्र टॅक्सीपर्यंत बॅगा घेऊन गेला.

"देद मोरोज काढला," दाशा म्हणाली. "आता नात."

"हो," तो म्हणाला.

सोमवारी त्याने लिटल इंडियातून दोन किलो पांढरी रांगोळी आणली. रोज सकाळी तो बाल्कनीत बसून चेहरा काढतो आणि पुसतो. आजपर्यंत एकही जमलेला नाही. नात काढायची राहिली आहे.