बर्फ वितळेपर्यंत

काकूचा फोन आला. "एसीत बर्फ साचतोय गं, पलंगावर पाणी गळतंय. तुझे काका कुणाला हात लावू देत नाहीत." मी म्हटलं, आलेच. काकूला वाटलं, पोरगी मायाळू. माया कसली! सात वर्षं मी ह्याच फोनची वाट बघत होते.

सात वर्षांपूर्वी मी काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात काम शिकत होते. एका गिऱ्हाइकाच्या एसीत असाच बर्फ धरला होता. बर्फ आपोआप वितळू द्यायचा असतो, पण काकांना घाई. त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हरने टोकरला, गॅसच्या नळ्यांच्या कॉइलला भोक पडलं आणि फुस्स करून सगळा गॅस गेला. गिऱ्हाईक धावत आलं तेव्हा स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात होता, कारण काकांनी तो तेवढ्यात माझ्या हातात दिला होता. "पोरीने घोळ घातला," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानाबाहेर. बाजारात माझं नाव पडलं, कॉइलफोडी.

ते नाव मी पचवलं. आज माझी स्वतःची गिऱ्हाइकं आहेत, काकांचं दुकान मात्र बंद झालं. पचलं नाही ते एकच. माझ्या बाबांनी धाकट्या भावाचं ऐकलं, माझं नाही. अजूनही बाबांचा एसी बिघडला की दुसरा मेकॅनिक येतो. मला चहा देतात, पण एसीखाली स्टूल देत नाहीत.

पोचले तर काकांची स्वारी स्टुलावर, हातात स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक आत रोखलेलं होतं आणि कॉइलवर बोटभर बर्फ होता. मी गप्प राहिले असते तर भोक पडलंच असतं. खरं सांगते, क्षणभर मी गप्पच राहिले. मजा वाटली. मग म्हटलं, "मारा काका. पण या वेळी नाव कुणाचं सांगाल? काकूचं?"

ते खाली उतरले, पण सुंभ जळला तरी पीळ जातोय कुठे? "गॅस कमी झालाय," म्हणाले.

"मोजला?"

"मोजायचं काय त्यात? बर्फ म्हणजे गॅस. चाळीस वर्षं हेच करतोय."

मी कूलिंग बंद केलं, एसीचा नुसता पंखा चालू ठेवला, खाली बादली लावली आणि फिल्टर ओढून काढला. त्यावर धुळीची गोधडी झाली होती! आत हवाच जात नव्हती, म्हणून कॉइल गारठत गेली आणि हवेतली ओल तिच्यावर गोठली. गॅस मी नंतर मोजला, तो पुरेपूर होता. मेकॅनिकच्याच घरात दिव्याखाली अंधार. पूर्वी दुकानातले आणि या घरातलेही फिल्टर मीच धुवायचे. उस्ताद माणूस असल्या कामाला कशाला हात लावतोय?

"घ्या," मी फिल्टर त्यांच्यापुढे धरला. "साध्या पाण्याने, हलक्या हाताने."

"मी?"

"मग कोण? पोरगी तर तुम्ही हाकललीत."

काका न्हाणीघरात बसून फिल्टर घासायला लागले. मी दारात उभी राहून चुका काढत होते. "तो कोपरा राहिला. डोळे घरी विसरलात का?" हे वाक्यही त्यांचंच, पूर्वी मला ऐकवायचे. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

तासाभरात बर्फ वितळला, फिल्टरही वाळला. तो मी मांडीवर घेऊन बसले. खोली तापली होती, काका घामाघूम.

"बसव ना आता."

"आधी बाबांना फोन लावा. कॉइल कुणी फोडली ते सांगा. स्पीकरवर."

"जुनं कशाला उकरतेस?"

"बरं, नका सांगू. मी निघते."

काका काकूकडे बघायला लागले. काकूने फोन आणून त्यांच्या हातात ठेवला. "लावा," एवढंच म्हणाली. नाक दाबलं की तोंड उघडतं.

"दादा," काकांनी घसा खाकरला, "ती कॉइल पोरीने नव्हती फोडली. मी फोडली होती."

मी फिल्टर हातात घेऊन फोनजवळ सरकले.

"ती तिथे आहे का?" बाबांनी विचारलं.

"ऐकतेय," काका म्हणाले.

"तिला म्हणावं, आमच्या एसीत बर्फ धरतोय. कधी येते?"

माफी नाही, काही नाही. दोघे भाऊ एकाच माळेचे मणी! मी स्टुलावर चढले, फिल्टर बसवला, कूलिंग लावलं. गार वारा तोंडावर आला. डोळे भरून आले होते, म्हणून उगाचच जरा वेळ वर थांबले.

"बाबा," मी वरूनच ओरडले, "कूलिंग बंद करा, नुसता पंखा ठेवा. आणि स्टूल काढून ठेवा, उद्या येते."

"बरं."

"फिल्टर मात्र तुम्ही धुवायचा."